छत्रीने उतरणारा दवाखाना

डिसेंबर १९५०च्या पहिल्या आठवड्यात प्याँगयांग शहर घाईघाईने रिकामं होत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी जेमतेम दीड महिन्यापूर्वी उत्तर कोरियाची ही राजधानी घेतली होती. पण यालू नदी ओलांडून चिनी सैन्य उतरलं आणि सगळं चित्रच पालटलं. रस्ते दक्षिणेकडे जाणाऱ्या ट्रकनी आणि निर्वासितांनी भरले होते. शहरातून वाहणाऱ्या नदीवरचे पूल उडवण्याची तयारी अमेरिकी इंजिनियर दलांनी सुरू केली होती. कडाक्याची थंडी होती, आणि या गडबडीत भारतातून नुकतीच आलेली एक वैद्यकीय तुकडी सामानासकट अडकून पडली होती.

तुकडीकडे औषधं होती, शस्त्रक्रियेची हत्यारं होती, तंबू होते, स्ट्रेचर होते. हे सगळं वाहून न्यायला वाहनं मात्र नव्हती. लष्कराच्या माघारीत अशा वेळी एकच नियम चालतो, सामान टाका आणि माणसं वाचवा. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना तो पटला नाही. सामानाशिवाय डॉक्टर म्हणजे रणांगणावर नुसतं एक जास्तीचं खाणारं तोंड, हा त्यांचा साधा हिशेब होता. शोधाशोध केल्यावर रेल्वेच्या आवारात एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. इंजिनाबद्दल थोडंफार कळणारे जवान तुकडीतच निघाले. बॉयलर कोरडा होता, म्हणून जवानांनी रांग लावली आणि बादल्या हातोहात पुढे सरकवत पाणी भरलं. डब्यांत सामान चढलं, आग पेटली, वाफ धरली आणि गाडी हलली. पूल उडवला जाण्याच्या थोडंच आधी ती नदीपलीकडे गेली आणि सोलच्या वाटेला लागली.

हा प्रसंग लष्करी इतिहासात गमतीने सांगितला जातो, आणि त्यात गंमत आहेच. पण पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत या तुकडीने जे काम केलं, ते त्या डब्यांतल्या सामानावर उभं राहिलं. एका पॅराट्रूपर अधिकाऱ्याची गोष्ट आगगाडीपासून सुरू करावी लागते याचं कारणही तेच. विमानातून उडी मारण्याचं धाडस अनेकांनी केलं. खाली पोहोचल्यावर हातात काय असेल याची एवढी फिकीर करणारे कमी.

अर्काट गोविंदराज रंगराज हे मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले आणि १५२व्या भारतीय पॅराशूट बटालियनचे डॉक्टर झाले. ही बटालियन ऑक्टोबर १९४१मध्ये दिल्लीत उभ्या राहिलेल्या ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडचा भाग होती. जर्मनांनी त्याच वर्षी मे महिन्यात क्रीट बेट हवाई मार्गाने घेतलं होतं, आणि छत्रीधारी सैनिक ही चीज दुर्लक्ष करण्याजोगी नाही हे सगळ्या जगाने पाहिलं होतं. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात ब्रिगेड तर जाहीर केली, पण सुरुवातीला पॅराशूट मोजकीच होती आणि विमानं जुनाट. व्हॅलेन्शिया नावाच्या दुहेरी पंखांच्या, संथ विमानाच्या तळाला भोक पाडलेलं असे. त्या भोकाच्या काठावर बसायचं आणि इशारा मिळाला की अंग ताठ ठेवून खाली घसरायचं. जरा पुढे झुकलं की समोरच्या कडेवर तोंड आपटे. नाक फुटलेले शिकाऊ सैनिक हे तिथलं नेहमीचं दृश्य होतं. ब्रिटिश पद्धतीत त्या काळी राखीव छत्रीही नसे. पाठीवरची उघडली तर उघडली.

पॅराशूटने उडी मारणारे पहिले भारतीय म्हणून दोन नावं घेतली जातात, रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरा सिंग. पहिल्या दोघांपैकी एक डॉक्टर असावा यात नवल वाटायचं कारण नाही. साध्या पायदळात जखमी सैनिक हातोहात मागे जातो. स्ट्रेचरवाले त्याला उचलतात, पलटणीचा डॉक्टर रक्त थांबवतो, मग रुग्णवाहिका त्याला आघाडीच्या उपचार केंद्रावर नेते आणि तिथून शस्त्रक्रियेसाठी तो इस्पितळात पोहोचतो. छत्रीधारी तुकडी मात्र शत्रूच्या मागे उतरते. तिच्या मागे रस्ता नसतो, चहूबाजूंनी शत्रू असतो. जमिनीवरून येणारी कुमक भेटेपर्यंत जे काही उपचार होतील ते तिथेच, सोबत उतरलेल्या माणसांकडून. म्हणजे इस्पितळालाही उडी मारावी लागते. शस्त्रक्रियेचं सामान, रक्तद्रव, मलमपट्टी, दिवे हे सगळं कप्प्याकप्प्यांत बांधून वेगळ्या छत्र्यांनी खाली सोडायचं आणि उतरल्यावर गोळा करून मिनिटांत मांडायचं. 'पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स' म्हणतात ती हीच तुकडी. नावात अॅम्ब्युलन्स असलं तरी ती गाडी नव्हे, डॉक्टर, परिचारक आणि जवान असलेलं ते एक अख्खं फिरतं रुग्णालय असतं.

रंगराज ज्या ब्रिगेडमध्ये घडले, तिची खरी परीक्षा आकाशातून उडी न मारताच झाली. मार्च १९४४मध्ये जपानी सैन्य मणिपूरवर चालून आलं, तेव्हा उखरुलजवळच्या संगशक या डोंगरी गावात ही ब्रिगेड पायदळासारखी उभी ठाकली. सोबत होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. काटेरी तार नव्हती, कातळात खंदक खोल खणता येत नव्हते आणि पाण्याचा तुटवडा होता. विमानातून टाकलेल्या रसदीचा मोठा भाग जपान्यांच्या हाती पडत होता. २६ मार्चच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडण्याचा हुकूम आला. ज्यांना चालता येत होतं ते निघाले, आणि ज्यांना अजिबात हलता येत नव्हतं अशा जखमींना मागे ठेवावं लागलं. त्या पाच-सहा दिवसांनी जपान्यांचं वेळापत्रक बिघडवलं आणि कोहिमाला तयारीसाठी अमोल वेळ मिळाला, असं इतिहासकार आज मानतात. मराठा पलटणीचं आणि छत्रीधारी दलाचं नातं पुढेही टिकलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण छत्रीधारी झाली आणि २ पॅरा (मराठा) या नावाने ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ उतरली.

स्वातंत्र्यानंतर रंगराज ६०व्या पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सचे प्रमुख झाले. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, तेव्हा भारत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. नेहरू सरकारने आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला, पण लढणारं सैन्य पाठवायला नकार दिला. मधला मार्ग म्हणून पाठवली ती ही वैद्यकीय तुकडी. डॉक्टर, जवान मिळून साधारण साडेतीनशे माणसं. कुंपणावर बसलेल्या देशाने पाठवलेली मलमपट्टी, असं तिच्याकडे बघता आलं असतं. मुत्सद्देगिरीच्या हिशेबात ती तशी होतीही. पण दिल्लीच्या फाइलींना एक गोष्ट दिसली नसावी. युद्धात न उतरण्यासाठी निवडलेली ही तुकडी छत्रीधाऱ्यांची होती, आणि छत्रीधाऱ्यांना कधी ना कधी कोणीतरी विमानात बसवतंच.

तुकडी २० नोव्हेंबर १९५० रोजी पुसान बंदरात उतरली आणि थेट उत्तरेला गेली. तिथून ती आगगाडीने परतली, ते वर सांगितलंच. त्यानंतर तिचे दोन भाग झाले. एक भाग मेजर एन. बी. बॅनर्जी यांच्या हाताखाली देगू शहरात राहिला आणि दक्षिण कोरियाच्या लष्करी रुग्णालयाला मदत करू लागला. तिथे सैनिकांइतकेच सामान्य नागरिकही दारात उभे असत. दुसरा भाग रंगराज यांच्यासोबत २७व्या ब्रिटिश राष्ट्रकुल ब्रिगेडला जोडला गेला. त्यात इंग्रज होते, स्कॉटिश होते, ऑस्ट्रेलियन होते. पुढे कॅनडाचे आणि न्यूझीलंडचेही आले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या साम्राज्याच्या सैन्यात हे भारतीय डॉक्टर होते, त्याच साम्राज्याचे सैनिक आता त्यांच्या टेबलावर येत होते, आणि हे डॉक्टर स्वतंत्र देशाचे पाहुणे म्हणून तिथे होते.

मार्च १९५१च्या मध्याला सोल शहर संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी पुन्हा घेतलं. माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवायची म्हणून सोलच्या वायव्येला इमजिन नदीजवळ मुन्सानला हवाई उडी घेण्याचं ठरलं. मोहिमेचं नाव टॉमहॉक. उडी घेणार होती अमेरिकेची १८७वी एअरबोर्न रेजिमेंट आणि दोन रेंजर कंपन्या, मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. या अमेरिकी दलासोबत रंगराज आपले चार अधिकारी आणि सात जवान घेऊन उतरणार होते. बारा भारतीय, आणि सोबत एक उपचार केंद्र.

२३ मार्च, गुड फ्रायडे. देगूहून शंभराहून अधिक विमानं उडाली. त्यांत सी-११९ हे अवजड, दोन शेपट्यांचं विमान होतं, ज्याला सैनिक उडता डबा म्हणत. नऊच्या सुमारास उड्या सुरू झाल्या आणि लगेच घोळही. एका बटालियनच्या प्रमुखाचं विमान इंजिन बिघडल्यामुळे परत फिरलं. पुढारी नसलेली मागची विमानं चुकली आणि दक्षिणेच्या मैदानावर उतरायची माणसं उत्तरेच्या मैदानावर उतरली. एकाच जागी दोन जथ्थे, त्यात वरून येणारं सामान आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरून तोफांचे, उखळींचे गोळे. अमेरिकेच्या आठव्या सैन्याचे प्रमुख जनरल रिजवे, स्वतः जुने छत्रीधारी, लहान विमानातून त्याच मैदानाजवळ उतरून सगळं बघत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ८२वी एअरबोर्न डिव्हिजन सांभाळली होती, तेव्हा हा गोंधळ त्यांना नवा नसावा.

रंगराज यांच्या माणसांनी अशा मैदानात आपलं केंद्र मांडलं. संध्याकाळपर्यंत दक्षिणेकडून रणगाड्यांचं दल येऊन मिळालं, त्यामुळे वेढ्याची भीती टळली. पण शत्रूचं मोठं सैन्य आधीच निसटलेलं होतं. अडवाअडवीचा मूळ हेतू त्यामुळे फसला, आणि लष्करी दृष्टीने टॉमहॉक ही अर्धीच यशस्वी मोहीम ठरली. खरी झळ लागली ती नंतर. रेजिमेंटला पूर्वेकडे उइजोंगबूच्या दिशेने डोंगर चढत जाण्याचा हुकूम मिळाला आणि टेकडीमागून टेकडी घेताना माणसं पडत गेली. भारतीय पथक त्यांच्यामागे होतं. या मोहिमेत त्यांनी शंभरावर जखमी हाताळले आणि शस्त्रक्रिया गोळीबाराच्या टप्प्यात केल्या.

हे एवढं पुढे जाऊन करण्याचं वैद्यकीय कारण आहे. पोटात किंवा छातीत गोळी लागलेल्या माणसाच्या हातात तास मोजके असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्या जखमींपैकी साडेचार टक्के दगावले होते. कोरियात ते प्रमाण अडीच टक्क्यांवर आलं. पेनिसिलीन होतं, रक्त वेळेवर मिळत होतं आणि हेलिकॉप्टर होतं. पण मोठा वाटा होता शस्त्रक्रियेची जागा आघाडीजवळ नेण्याचा. अमेरिकनांनी यासाठी 'मॅश' नावाची फिरती शस्त्रक्रिया रुग्णालयं काढली. भारतीय तुकडी त्याहूनही पुढे होती. तिथे रुग्ण स्थिर करायचा, रक्तस्राव थांबवायचा, गरज पडली तर तिथेच कापायचं आणि मग मागे पाठवायचं.

महिनाभरात २७व्या ब्रिगेडच्या वाट्याला कापयोंगची लढाई आली. २२ ते २५ एप्रिल १९५१ या काळात चिन्यांनी मोठ्या संख्येने चढाई केली आणि ऑस्ट्रेलियन व कॅनेडियन पलटणींनी ती टेकड्यांवर थोपवली. या दोन्ही पलटणींना अमेरिकेचा राष्ट्रपती पातळीवरचा गौरव मिळाला. त्यांचे जखमी ज्यांच्याकडे येत होते, त्यांत छत्रीधाऱ्यांची मरून रंगाची टोपी घातलेले भारतीय होते.

रंगराज आणि बॅनर्जी या दोघांना महावीर चक्र मिळालं आणि तुकडीतल्या सहा जणांना वीर चक्र. न लढणाऱ्या तुकडीच्या पदरात इतकी शौर्यपदकं पडणं हे कोणत्याही सैन्यात विरळाच. ही पदकं शौर्यासाठी, शत्रूसमोरच्या धाडसासाठी दिली जातात, आणि वैद्यकीय माणसाकडे त्या धाडसाला साथ द्यायला बंदूक जवळपास नसतेच. जिनिव्हा करारांनुसार तो शस्त्र बाळगू शकतो ते फक्त स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावापुरतं.

२७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली आणि भारताच्या वाट्याला दुसरंच अवघड काम आलं. मायदेशी परत जायचं नाही म्हणणाऱ्या सुमारे साडेबावीस हजार चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैद्यांची व्यवस्था तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवली गेली. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, मूळचे कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारताच्या तटस्थपणावर इतके चिडलेले होते की भारतीय सैनिकांचे पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली. शेवटी अमेरिकनांनी हजारो भारतीय जवान जहाजावरून उचलून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडले. यातली विसंगती बघण्यासारखी आहे. भारताचेच साडेतीनशे लोक तीन वर्षं त्याच भूमीवर दवाखाना चालवत होते, आणि त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. ६०वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पुढे थोरातांच्या दलासोबतही राहिली आणि फेब्रुवारी १९५४मध्ये भारतात परतली. एकूण दोन लाखांवर रुग्ण तिने तपासल्याची नोंद आहे. ते सगळे युद्धात जखमी झालेले नव्हते, अनेक जण थंडीने, जुलाबाने, उपासमारीने खंगलेले कोरियन नागरिक होते.

इथवरचं आयुष्य पाहून निवृत्त कर्नल एखाद्या छावणीच्या शहरात बंगला बांधून बसला असेल असं वाटेल. रंगराज यांनी नंतर जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम केलं, आणि तेही अफगाणिस्तानात, देवीच्या रोगाविरुद्ध.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६७मध्ये देवी निर्मूलनाची मोहीम तीव्र केली, तेव्हा अफगाणिस्तान हा सगळ्यांत अवघड देशांपैकी एक होता. रस्ते थोडे, हिवाळ्यात दऱ्या बंद आणि गावांमध्ये अनोळखी पुरुषाला घरातल्या बायका-मुलींना हात लावू देणं अशक्य. शिवाय तिथे देवी टोचण्याची एक जुनी, धोकादायक चाल होती. गावोगाव फिरणारे टोचणारे आजारी माणसाच्या अंगावरची खपली घेऊन निरोगी माणसाच्या त्वचेत रोवत. ज्याला टोचलं त्याला बहुधा सौम्य देवी निघत, पण त्याच्यापासून शेजाऱ्याला खरीखुरी, जीवघेणी देवी लागू शकत असे. म्हणजे औषधच साथ पसरवत होतं. या माणसांशी वैर धरून चालणार नव्हतं, कारण गावकऱ्यांचा विश्वास त्यांच्यावर होता. म्हणून त्यांना मोहिमेकडे वळवणं, रुग्णांच्या बातम्या मिळवणं आणि जिथे रोग उठला तिथे लगेच पथक पाठवणं, हा कामाचा खरा गाभा होता. हाती गोठवून वाळवलेली लस होती, जी उन्हात लवकर खराब होत नसे. टोकाला दुभागलेली सुई होती. तिच्या दोन दातांमध्ये लसीचा थेंब धरायचा आणि दंडावर भराभर टोचे मारायचे. प्रशिक्षित डॉक्टरची गरज नाही, अर्ध्या दिवसात कोणीही शिकेल.

सैन्यातल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे. रस्ता नसलेल्या जागी सामान घेऊन वेळेत पोहोचणं, एवढाच दोन्हींतला धागा. अफगाणिस्तानातला देवीचा स्थानिक प्रसार १९७२मध्ये थांबला. मे १९८०मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं.

रंगराज यांचं २००९मध्ये निधन झालं. २०२०मध्ये दक्षिण कोरिया सरकारने त्यांना कोरियन युद्धाचे वीर म्हणून मरणोत्तर सन्मान दिला. भारतात त्यांचं नाव मात्र छत्रीधारी दल आणि लष्करी वैद्यकीय सेवेबाहेर फारसं कोणाला माहीत नाही. आपल्याकडे युद्धकथा म्हटलं की शिखरं, चौक्या आणि रणगाडे डोळ्यांसमोर येतात, शस्त्रक्रियेचा तंबू येत नाही, हे त्यामागचं एक कारण.

त्यांची तुकडी आजही आहे, आग्र्यात, ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल या नावाने. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा तिची ९९ माणसं हवाई दलाच्या विमानांनी हाताय प्रांतातल्या इस्कंदरूनला पोहोचली आणि तिथे त्यांनी तीस खाटांचं रुग्णालय उभं केलं. त्या पथकात एक महिला डॉक्टर अधिकारीही होती. १९५०च्या साडेतीनशे जणांच्या तुकडीत तसं कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.